बेगमी हवी, भुरळ नको

'बेगमी' हा शब्द मूळचा फारसी. पण मराठी माजघरात तो इतका मुरला की त्याचे परकेपण कोणाला जाणवतही नाही. बेगमी म्हणजे निश्चिंती. चैत्र-वैशाखाचे ऊन तापू लागले की घरोघरी वर्षाच्या बेगमीला प्रारंभ होत असे. गहू निवडून, वाळवून, कडुनिंबाच्या पाल्याचे थर देत कोठीत भरला जाई. तुरीच्या डाळीला एरंडेल चोळले जाई. चिंचेचे गोळे मिठात बसत, हळकुंडे व मिरच्या वर्षाच्या अंदाजाने घेतल्या जात, तिखटाच्या बरणीत हिंगाचा खडा पडे. अंगणात कुरड्या, पापड आणि शेवया वाळत. जुन्या वाड्यांतील बळदे, शेतकऱ्यांच्या घरच्या कणग्या आणि गावठाणातील पेवे ही या निश्चिंतीचीच निरनिराळी रूपे होती. मृगाची सर कोसळण्यापूर्वी घर भरलेले असावे, पावसाळ्याच्या चार महिन्यांत कोणाच्या दारी जाण्याची वेळ येऊ नये आणि अवचित आलेला अतिथी विन्मुख जाऊ नये, एवढाच त्यामागील हेतू.

आजही मध्यमवर्गीय घरे भरलेलीच आहेत. किंबहुना पूर्वीपेक्षा अधिक भरलेली आहेत. दिवाळी, प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन, वर्षअखेर अशा निमित्तांनी लागणाऱ्या सवलतींच्या जत्रेतून चारचाकीच्या डिकीत मावेल तेवढा माल घरी येतो. साबणाच्या बारा वड्या, शाम्पूच्या चार बाटल्या, 'एकावर एक मोफत' मिळालेली बिस्किटे, पाच लिटर तेलाचे दोन डबे. ज्यांना बाजारात जाण्यास वेळ नाही त्यांच्यासाठी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तीच जत्रा बारमाही भरलेली असते. हा साठा पाहून एखाद्या वृद्धेस वाटावे की सूनबाईंनीही बेगमीची परंपरा जपली आहे. परंतु या दोन साठ्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि ते अंतर समजून घेणे हा केवळ घरखर्चाचा प्रश्न नाही. गावाची शेती, गावचे कारागीर आणि कोपऱ्यावरचा दुकानदार टिकणार की नाही, हे त्यावर बऱ्याच अंशी अवलंबून आहे.

दोन साठ्यांतील अंतर

बेगमीचा आरंभ गरजेच्या मोजमापाने होत असे. घरात माणसे किती, वर्षात सण किती, पाहुणेरावळे किती, यावरून गव्हाचे पोते ठरे. सवलतीच्या साठ्यात गरज शेवटी येते. आधी किंमत दिसते, मग वस्तू आवडते आणि घरी आल्यावर तिचा उपयोग शोधला जातो. बेगमीचे वेळापत्रक सुगीने आखलेले असे. पौष-माघात तूर, फाल्गुनात गहू व हरभरा, त्याच्या मागेपुढे हळद व मिरची. ज्या काळात माल मुबलक, ताजा आणि स्वस्त, त्याच काळात तो घेतला जाई. सवलतीचे वेळापत्रक मात्र कंपन्यांच्या विक्री विभागात आखले जाते. तेथे स्वस्ताई पिकाची नसते. गोदाम रिकामे करण्याची किंवा ग्राहकाला दारात ओढण्याची असते.

या दुकानांची रचनाही अभ्यासण्याजोगी आहे. साखर, तेल वा आटा यांवर घसघशीत सूट जाहीर करावयाची आणि त्या वस्तूंकडे जाणाऱ्या वाटेवर अनावश्यक वस्तूंची रांग उभी करावयाची, हे या व्यवसायाचे जगभर रूढ झालेले तंत्र आहे. साखरेवर सोडलेले चार रुपये चॉकलेट आणि तयार खाद्यपदार्थांवर वसूल होतात. किलोमागे दहा रुपये वाचल्याच्या आनंदात ग्राहक हजार रुपयांची जादा खरेदी करून बाहेर पडतो. पुढे सहा महिन्यांनी मसाल्याचा वास उडालेला असतो, फोडून ठेवलेल्या तेलाला खवट वास येतो, आट्यात सोंडे झालेले असतात. फेकून दिलेल्या मालाची किंमत वाचलेल्या पैशांतून वजा करण्याची पद्धत मात्र कोणत्याही घरात नाही.

शिवाय ही स्वस्ताई शाश्वतही नसते. २००६ पासून प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीला 'सबसे सस्ता दिन' अशी ओळख देणाऱ्या बिग बझारच्या दारात एकेकाळी पोलिसांना गर्दी आवरावी लागे. २०२२ मध्ये ती साखळी कर्जाच्या ओझ्याखाली कोलमडली आणि तिची मालक कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्या झगमगाटात ज्या लहान दुकानदारांनी आपले फळकूट कायमचे लावले, त्यांना पुन्हा उभे करण्याची सोय कोणत्याही कायद्यात नाही.

पवनारचा धडा

वर्ध्याहून नागपूरकडे जाताना आठेक किलोमीटरवर धाम नदीच्या काठी पवनार लागते. आज या गावाची ओळख विनोबांच्या परमधाम आश्रमामुळे आहे. १९३८ मध्ये प्रकृती ढासळलेल्या अवस्थेत विनोबा येथे आले. १९४० च्या ऑक्टोबरात वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून त्यांनी येथूनच आरंभ केला. परंतु घरगुती खरेदीच्या प्रश्नावर विचार करणाऱ्यास पवनारचा सर्वांत विलक्षण प्रयोग आहे तो १९५० चा, 'कांचनमुक्ती'चा. देश स्वतंत्र झाला, पण पैशाची गुलामी वाढतच आहे, हे ओळखून विनोबांनी आश्रमापुरता पैशाचा व्यवहार थांबविण्याचे ठरविले. सहकाऱ्यांसह त्यांनी विहीर खोदली, बैलाविना केवळ हातांनी शेती केली, तिला 'ऋषिशेती' हे नाव दिले; भाजी आणि वस्त्र यांसाठी बाहेरच्या बाजाराकडे पाहावे लागू नये असा यत्न केला. पुढे मार्च १९५१ मध्ये शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी ते पायी निघाले, १८ एप्रिलला पोचमपल्ली येथे भूदानाची गंगोत्री प्रकटली आणि पवनारचा प्रयोग इतिहासाच्या एका कोपऱ्यात राहिला. १९५९ मध्ये तेथे स्थापन झालेल्या ब्रह्मविद्या मंदिरातील भगिनींनी मात्र श्रमाधारित सामूहिक जीवनाचे व्रत पुढे चालविले.

कांचनमुक्ती हा संन्यस्तांचा प्रयोग होता. गृहस्थाश्रमी माणसाने तो जसाच्या तसा उचलावा, असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही. मुलांचे शिक्षण, घराचे हप्ते, आईवडिलांचे औषधपाणी हे सारे रोख पैशांतच चुकते करावे लागते. तथापि प्रत्येक टोकाच्या प्रयोगात सामान्यांसाठी एक प्रश्न दडलेला असतो. पवनारचा प्रश्न असा : जी वस्तू हाताच्या अंतरावर पिकते, ती शेकडो कोसांवरून आणण्यासाठी पैसा का मोजावा? आणि तो मोजलाच, तर तो पैसा गावात किती फेऱ्या मारतो? गावच्या तेल्याला दिलेला रुपया तेल्याकडून शिंप्याकडे, शिंप्याकडून भाजीवालीकडे आणि तेथून शाळेच्या वर्गणीत जातो. साखळी दुकानातील रुपया रात्री हिशेब मिटताच मुख्यालयाच्या खात्यात जमा होतो. त्यातून नोकरांचे पगार आणि दुकानाचे भाडे तेवढे गावात परततात.

मगनवाडीचा तराजू

या प्रश्नाला शास्त्रशुद्ध बैठक देण्याचे कार्यही याच परिसरात झाले. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत, मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ 'मगनवाडी' म्हणून ओळखल्या जाऊ लागलेल्या जागी, त्याचे मुख्य केंद्र होते. संघाची धुरा होती जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे. तंजावरला जन्मलेले, व्यवसायाने हिशेबतपासनीस, अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेले कुमारप्पा हे भावनेच्या भरात बोलणारे गृहस्थ नव्हते. जमाखर्च हा त्यांचा प्रांत होता. म्हणूनच वस्तूच्या किमतीत पैशांखेरीज आणखी काही मोजावे लागते, हे त्यांचे प्रतिपादन लक्षणीय ठरते. वस्तू ज्या परिस्थितीत निर्माण झाली, त्या परिस्थितीची नैतिक जबाबदारी तिच्या खरेदीदारावरही येते. वस्तू फार दुरून आली तर तिच्यामागे कोणाची पिळवणूक झाली हे कळण्यास मार्ग राहत नाही. म्हणून ज्याची चौकशी करता येईल एवढ्या परिघातच खरेदी ठेवणे श्रेयस्कर, असा त्यांच्या विवेचनाचा आशय. आज ग्राहकहिताच्या परिषदांतून वस्तूच्या उगमाचा माग ठेवण्याविषयी जे बोलले जाते, ते वर्ध्यात नव्वद वर्षांपूर्वी बोलले गेले होते.

मगनवाडीत केवळ चर्चा झाली नाही. बैलाच्या पारंपरिक तेलघाण्यात सुधारणा करून कमी श्रमात अधिक तेल देणारी 'वर्धा घाणी' झवेरभाई पटेल यांनी येथे सिद्ध केली. हातकागद आणि मधुमक्षिकापालन यांच्यावरही येथे काम झाले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आजही उभे आहे, आणि ग्रामीण उद्योगांच्या संशोधनासाठी महात्मा गांधींच्या नावाने चालणारी राष्ट्रीय संस्थाही मगनवाडीतच आहे. ज्या जिल्ह्याने देशाला सुधारित घाणी दिली, त्या जिल्ह्यातील किती घरांत आज घाणीचे जवस, तीळ वा भुईमुगाचे तेल येते, याचा विचार वर्धेकरांनीच करावा. देशाच्या खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल आयात होते, आणि त्यात इंडोनेशिया व मलेशियाचे पामतेल मोठ्या प्रमाणावर असते. सवलतीतील 'स्वस्त तेल' बहुधा तेच.

स्वदेशीचा हा धागा महाराष्ट्राला नवा नाही. पुण्याचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, १८७७ च्या दिल्ली दरबारात स्वतः कातलेल्या सुताचे वस्त्र परिधान करून गेले. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून, लोकमान्यांच्या पाठबळाने, तळेगावचा काच कारखाना १९०८ मध्ये उभा राहिला. सामान्य माणसाने दिलेला एक-एक पैसा देशी उद्योगाचे भांडवल झाला. स्वातंत्र्योत्तर काळात जागतिकीकरणाच्या झंझावातात २२ नोव्हेंबर १९९१ रोजी नागपुरात स्वदेशी जागरण मंचाची स्थापना झाली. तिचे प्रेरणास्थान असलेले दत्तोपंत ठेंगडी हे मूळचे वर्धा जिल्ह्यातील आर्वीचे. एकाच जिल्ह्याच्या मातीतून, वेगवेगळ्या वैचारिक वाटांनी, खरेदीदाराच्या कर्तव्याचा हा एकच विचार देशाला मिळाला, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

डाळीचा हिशेब

तत्त्वचर्चेकडून हिशेबाकडे वळावे, कारण मध्यमवर्गीय कुटुंबास शेवटी महिन्याचा ताळमेळ बसवावयाचा असतो. वर्धा जिल्ह्यात कपाशी व सोयाबीनच्या जोडीला तूर हे खरिपाचे मोठे पीक आहे. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी तुरीचा किमान आधारभाव क्विंटलला ८,००० रुपये ठरविला. १०० किलो तुरीपासून साधारण ७० ते ७५ किलो डाळ मिळते. म्हणजे आधारभावाने घेतलेल्या तुरीची डाळ किलोमागे ११० रुपयांच्या आसपास पडते. त्यावर भरडाई व वाहतूक. प्रत्यक्षात तूर एकाच वेळी बाजारात येते, शेतकऱ्याला देणी भागवायची असतात आणि आधारभावाहूनही कमी दराने माल सोडण्याची वेळ त्याच्यावर अनेकदा येते. तीच तूर गोदामे, दलाल, वेष्टन व जाहिरात असा प्रवास करून रंगीत पिशवीत परतते. २०१५ च्या दिवाळीपूर्वी डाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली, तेव्हा तो दर विदर्भातील तूर उत्पादकाच्या हाती पडला नव्हता. त्याची तूर कधीच विकली गेली होती.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. देशात तुटवडा भासला की मोझांबिक, टांझानिया, मलावी व म्यानमार येथून तूर येते. ग्राहकाला दिलासा मिळावा म्हणून तिच्या शुल्कमुक्त आयातीस वारंवार मुदतवाढ देण्यात आली. परिणामी वर्ध्यातील गृहिणीच्या वरणात मोझांबिकची तूर आणि वर्ध्याचा शेतकरी बाजार समितीच्या ओट्यावर खरेदीदाराची वाट पाहत बसलेला, असे विपरीत चित्र संभवते. हळदीची कथाही अशीच. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील भिवापुरी मिरचीलाही ते मिळाले आहे. मानांकनाचा दाखला भिंतीवर लावण्याने शेतकऱ्याचे घर चालत नाही. ते चालते जिल्ह्यातील घरांनी वर्षाची हळद आणि वर्षाचे तिखट तेथून नेले तर. गोरस भांडार आणि त्याचा गोरसपाक वर्धेकरांनी आपला मानला, म्हणून आसपासच्या गोपालकांना दूध घालण्याचे एक हक्काचे ठिकाण राहिले. जे दुधाबाबत साधले, ते हळद, तूर आणि तेलाबाबत का साधू नये?

येथे धोरणकर्त्यांनाही एक प्रश्न विचारणे क्रमप्राप्त आहे. १५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी स्वदेशीची हाक दिली, दुकानांवर स्वदेशी मालाचे फलक लावण्याचे आवाहन केले. ते स्वागतार्हच होते. मात्र त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी कापसावरील ११ टक्के आयात शुल्क स्थगित झाले आणि ती सवलत पुढे वर्षअखेरपर्यंत वाढविण्यात आली. अमेरिकेच्या जबर आयात करामुळे अडचणीत आलेल्या वस्त्रोद्योगास आधार देणे, हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. तरीही हिंगणघाट-आर्वीच्या कापूस उत्पादकाच्या ऐन वेचणीच्या हंगामावर त्याचे सावट पडले, हे नाकारता येणार नाही. स्वदेशी हे केवळ ग्राहकाचे व्रत असू नये. ते धोरणाचेही असावे लागते.

दुकानदारानेही ऐकावे

'स्थानिक दुकानातून घ्या' एवढा उपदेश करून विषय संपत नाही. स्थानिक दुकानदाराच्या वर्तनाविषयी ग्राहकाच्या तक्रारी खऱ्या आहेत. मापात मारणे, जुना माल नव्याच्या भावात देणे, पावती न देणे, सुट्या तिखटात भेसळ, परत घ्यावयाची म्हटली की कपाळावर आठी, हे अनुभव घेतलेल्या गृहिणीला साखळी दुकानातील छापील पावती व निमूटपणे माल बदलून देणारा कर्मचारी आवडला, तर दोष तिचा नाही. २०२२ पासून वेष्टनावर एककाचा दर, म्हणजे ग्रॅमचा वा किलोचा भाव, छापणे बंधनकारक झाले आहे. ऑनलाइन विक्रीत वस्तूचा मूळ देश दाखविण्याचे बंधन २०२० च्या नियमांनी घातले आहे. या तरतुदींचा उपयोग ग्राहकाने सवलतीचा फोलपणा तपासण्यासाठी करावा. पण किराणा दुकानदारानेही हीच पारदर्शकता स्वतःहून स्वीकारावी. माल कोणत्या गावचा, कोणत्या महिन्याचा, याची साधी पाटी डब्यावर लावण्यास खर्च येत नाही. स्वदेशीच्या नावावर निकृष्ट माल खपविणारा व्यापारी हा विदेशी मालाचा सर्वांत परिणामकारक प्रचारक असतो.

तरीही जमेची बाजू विसरता येत नाही. २४ मार्च २०२० च्या रात्री देशव्यापी टाळेबंदीची घोषणा झाली आणि तासाभरात दुकानांपुढे रांगा लागल्या. ज्यांना शक्य होते त्यांनी दोन-दोन महिन्यांचा माल उचलला. ज्यांचे पोट रोजच्या मजुरीवर होते, त्यांच्यासाठी फळ्या रिकाम्या उरल्या. भीतीपोटी केलेला साठा हा शेजाऱ्याच्या ताटातून उचललेला घास असतो, हे त्या दिवसांनी दाखवून दिले. त्याच दिवसांत अनेक ठिकाणी उपयोगी पडली ती कोपऱ्यावरच्या दुकानदाराची वही. पगार थांबलेल्यांना त्याने उधारीवर धान्य दिले, एकाकी वृद्धांच्या दारी पिशवी पोहोचविली. दुकानदार ओळखीचा होता म्हणून हे घडले. ती ओळख वर्षभर चालणाऱ्या व्यवहारातून तयार होते. संकटाच्या दिवशी ती विकत मिळत नाही.

गल्लीची एकच यादी

स्वस्ताई आणि स्थानिकता यांचा मेळ घालता येतो, हे महाराष्ट्रात सिद्ध झालेले आहे. १९७० च्या दशकात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभारली. मुंबईत १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या उभारणीत संगीतकार सुधीर फडके यांचाही वाटा होता. पंचायतीची कार्यपद्धती अत्यंत साधी होती. शेजारपाजारच्या काही कुटुंबांनी एक संघ करावयाचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवावयाची, पंचायतीने घाऊक दराने निवडक माल थेट आणावयाचा आणि एका घरी उतरवून सर्वांनी वाटून घ्यावयाचा. जाहिरात नाही, भुरळ नाही, उधारी नाही. यादी आधी लिहिल्यामुळे अनावश्यक वस्तू घरात शिरत नव्हती. सवलतीची जत्रा गर्दीतील एकट्या ग्राहकाला गाठते. पंचायतीने त्याला शेजाऱ्यांच्या सोबतीने बाजारात उभे केले, आणि भाव ठरविण्याची थोडी ताकद त्याच्या हाती दिली.

हीच पद्धत पवनार-वर्धा परिसरात सुगीच्या बेगमीला लावता येईल. एकरकमी पैसे नाहीत, ही नोकरदार कुटुंबाची खरी अडचण असते. तिच्यावर भिशी हा घरचाच उपाय आहे. समजा, एका वस्तीतील दहा कुटुंबांनी ज्येष्ठापासून दरमहा हजार रुपये बाजूला काढले, तर नऊ महिन्यांत नव्वद हजार जमतात. कुटुंबामागे वर्षाला तीस किलो डाळ धरली तर दहा घरांना तीनशे किलो डाळ, म्हणजे सुमारे सव्वाचार क्विंटल तूर लागेल. आधारभावाने ती चौतीस हजारांत येते. उरलेल्या रकमेत गहू, हळद, मिरची बसते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या छोट्या डाळ गिरण्या विदर्भात ठिकठिकाणी चालतात; गावचीच गिरणी गावची तूर भरडू शकते. शेतकऱ्यास खळ्यावर रोख आधारभाव, गिरणीवाल्यास काम आणि कुटुंबास वर्षभर एकाच दराची निर्भेळ डाळ. कदाचित एखाद्या महिन्यात मॉलमधील डाळ यापेक्षा दोन रुपयांनी स्वस्त निघेल. ते दोन रुपये शेतकऱ्याच्या पोरीच्या वहीसाठी खर्च झाले, असे समजण्यास हरकत नसावी.

एक सावधगिरी मात्र हवी. जुनी बेगमी घरातील स्त्रियांच्या अफाट कष्टांवर उभी होती. निवडणे, कांडणे, वाळविणे यांत आजीचे उन्हाळे गेले. आज ती सून नोकरी करते. परंपरेच्या नावाखाली तिच्या शिरावर तो भार पुन्हा टाकणे हा अन्याय होईल. त्यासाठी गावोगावी बचत गट आहेत. पापड, कुरड्या, शेवया, मसाले त्यांच्याकडून घ्यावेत, आगाऊ मागणी नोंदवून घ्यावेत आणि ठरलेला मोबदला वेळेवर द्यावा. घरातील पुरुषांनी व मुलांनी पोते उतरविणे, डाळीला तेल चोळणे, कोठ्या स्वच्छ करणे यांत हात लावला, तर कुटुंब प्रबोधन यासाठी वेगळे व्याख्यान ठेवावे लागणार नाही.

येत्या सुगीपूर्वी

कार्यकर्त्यांनी या विषयाकडे भाषणाचा विषय म्हणून पाहू नये. आपल्या वस्तीतील दहा घरे निवडावीत. प्रत्येक घराची वर्षाची गरज कागदावर लिहून काढावी. पंचवीस-तीस किलोमीटरच्या परिघात काय पिकते आणि काय बनते, याची नोंद करावी. जे जवळ मिळते ते जवळून. जिल्ह्यात मिळत नाही ते राज्यातून. राज्यात नाही ते देशातून. आणि जे देशातही नाही, ते गरजेपुरते बाहेरून, असा क्रम ठेवावा. गांधीजींनी १९१६ मध्ये मद्रासच्या भाषणात निकटच्या परिसराची सेवा आणि निकटच्या वस्तूंचा वापर हाच स्वदेशीचा गाभा म्हणून सांगितला होता. त्यात परदेशाचा द्वेष नव्हता. दुकानदाराशीही बोलावे. 'वायगावची हळद ठेवा, आम्ही वीस घरे घेऊ' एवढ्या एका वाक्याने त्याच्या फळीवरील माल बदलू शकतो. ग्राहकाने मागितल्याशिवाय दुकानदार बदलत नाही, आणि दुकानदाराने ठेवल्याशिवाय ग्राहकाला माल मिळत नाही; ही कोंडी फोडण्याची जबाबदारी संघटित कुटुंबांचीच आहे.

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ज्या शक्तिपीठ महामार्गास मान्यता दिली, त्याचा आरंभबिंदू पवनार आणि शेवट गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवी. मान्यतेच्या वेळी ८०२ किलोमीटर आखलेल्या या रस्त्याविषयी, त्यात जाणाऱ्या जमिनींविषयी, मतभेद आहेत आणि त्यांची चर्चा स्वतंत्रपणे व्हावयास हवी. परंतु कोणताही रस्ता दोन्ही दिशांनी वाहतो. दुरून येणारे मालमोटारींचे तांडे त्यावरून वर्ध्याच्या गोदामांत उतरतील, तसे वर्ध्याचे तेल, तूर आणि हळदही त्यावरून बाहेर जाऊ शकेल. यांतील कोणते घडेल, हे महामार्गाच्या आराखड्यात लिहिलेले नाही. ज्या मालाला त्याच्याच जिल्ह्यात मागणी नाही, त्याला पत्रादेवीपर्यंत कोण विचारणार? म्हणून पुढील सवलतीची जाहिरात वाचण्यापूर्वी प्रत्येक गृहिणीने आणि गृहस्थाने स्वयंपाकघरातील डबे एकवार खाली काढावेत आणि प्रत्येकावर एकच शब्द लिहावा : आतील धान्य ज्या गावचे आहे, त्या गावाचे नाव. जितक्या डब्यांवर ते लिहिता येणार नाही, तितके काम येत्या सुगीपूर्वी करावयाचे शिल्लक आहे.